ठिपक्यांची रेघ

सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी एका चौकोनावर टिचकी मारली आणि बाजूच्या पट्टीत माझंच नाव उमटलं. झालं ते एवढंच. काही फुटलं नाही, कुणी ओरडलं नाही. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी कानात गाणी खुपसून सफरचंद खात होती आणि तिच्या दातांचा करकर आवाज मला नको इतका स्पष्ट ऐकू येत होता. मी परत टिचकी मारली. पट्टी मिटली, पुन्हा उघडली. नाव तेच. मग मी उठले, आधीच भरलेली पाण्याची बाटली भरायला गेले आणि येताना अर्धी जमिनीवर सांडली. "ताई, बरं आहे ना?" त्या मुलीने कानातलं काढून विचारलं. "हो गं, मला काय धाड भरलीये," मी म्हटलं. धाड कसली, अडीच वर्षांपूर्वीची एक ओळ होती फक्त, आणि त्या ओळीपुढे मी स्वतःच लिहिलेले तीन शब्द.

समजेल असं सांगायचं तर आमच्या कंपनीची यंत्रं आमच्याकडे नाहीत. ती कुठेतरी लांब आहेत, भाड्याने घेतलेली. त्यालाच सगळे क्लाउड म्हणतात. दवाखान्यांचे जुने रिपोर्ट, एक्स-रे, स्कॅन असलं सगळं आम्ही तिथे सांभाळतो. त्या यंत्रांना हात लावता येत नाही, त्यांच्यावरची धूळ पुसता येत नाही, याचा मला सुरुवातीला फार जाच व्हायचा. म्हणून त्यांची आकृती असते. प्रत्येक यंत्राला एक चौकोन, आणि कोण कुणावर अवलंबून आहे ते सांगणाऱ्या रेघा. आकृतीत नाही ते नाहीच, असं आमच्याकडे धरून चालतात. धरून चालण्यावाचून इलाजही नाही. ती आकृती गेली अकरा वर्षं मी सांभाळते. आतापर्यंत तिला फक्त आजचा दिवस होता. कुणी चौकोन हलवला, रेघ पुसली, की कालचं काही उरायचं नाही. आता नवी सोय आली. चौकोनावर टिचकी मारा, त्याचा जन्मापासूनचा इतिहास समोर: कुणी आणला, कुणी हलवला, कुठली रेघ कधी जोडली, कधी तोडली, आणि का. ही सोय घ्या म्हणून साहेबांच्या मागे सहा महिने भुणभुण लावली ती मीच. आणि जुन्या बॅकअपमधून आकृतीच्या रोजच्या रोज, बदलणाऱ्याच्या नावाशेऱ्यासकट साठवलेल्या प्रती उकरून, त्या नव्या सोयीला घास भरवावा तशा एकेक भरवत बसलेलीही मीच. हौस होती ना मला! पुसलेल्या चौकोनांचाही इतिहास दिसतो का बघावं म्हणून मी सहज एका मेलेल्या चौकोनाला हात लावला. किल्लीचं यंत्र. कुलूपबंद बॅकअप उघडण्याची किल्ली ज्यात असायची ते. त्याच्या पट्टीत रेघेबद्दलच्या शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ठिपक्यांची रेघ जोडली, बॅकअपकडे, ठिपकेकाका, शेरा, 'तीन महिन्यांतून एकदाच लागते, पण लागते.' आणि तिच्यानंतर सतरा दिवसांनी: रेघ पुसली, मी, शेरा, 'दिसायला नीट केलं.'

नीटपणाचं मला वेडच आहे. नवरा म्हणतो, तुझ्या हातात आभाळ दिलं तर चांदण्या रांगेत उभ्या करशील. लहानपणी मी पाहुण्यांच्या चपला दारात जोडीने लावून ठेवायची आणि पाहुणे निघाले की त्यांच्या आधी दाराशी जाऊन उभी राहायची, कुणी कौतुक करतंय का बघायला. आई म्हणायची, ही मुलगी जिथे जाईल तिथे उजेड पाडेल. पाडला, आई, पाडला. मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. आदल्या आठवड्यात साहेब म्हणाले होते, मोठं गिऱ्हाईक येतंय, आकृती जरा चारचौघांत दाखवण्यासारखी कर. दुपार होती. खिडकीची पट्ट्यांची झापडं अर्धी पाडलेली, माझ्या मनगटावर उन्हाच्या रेघा. कपात चहाचा तळ वाळलेला. मी एका रेघेने दुसरीला ओलांडू नये म्हणून चौकोन इकडून तिकडे सरकवत होते आणि मनातल्या मनात गुणगुणत होते. सगळं आठवतं. कप आठवतो, गाणं आठवतं, मग पांढऱ्याशुभ्र पडद्यावर एकही फुली न राहिल्याचा आनंद तर अजून बोटांत आहे. ती एक रेघ मात्र आठवत नाही. खालच्या कोपऱ्यातून निघून पाच जणींना आडवी जात वरपर्यंत पोचणारी, ठिपक्यांची, अर्धवट दिसणारी. मला ती राहून गेलेली वाटली असेल. कुणीतरी काढता काढता अर्ध्यावर सोडलेली. की तसंही वाटलं नसेल? नुसती ती मध्ये येत होती म्हणून?

ठिपक्यांची रेघ म्हणजे काका, हे ऑफिसात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एरवी रेघ असते किंवा नसते. काकांचं म्हणणं, असं कसं, काही नाती रोजची असतात आणि काही कधीमधीची, कधीमधीचं नातंही नातंच की. म्हणून ते कधीमधीच्यांना ठिपके द्यायचे. त्यावरून पोरांनी नाव पाडलं ठिपकेकाका, आणि काकांनी ते इतक्या खुशीत घेतलं की निरोपाच्या कार्डावरही तीच सही केली. मला हे काम त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे बघ, चित्र सुंदर नसलं तरी चालेल, खरं असलं पाहिजे." मी मान डोलावली. तेव्हा मला वाटलं होतं, दोन्ही जमवता येईल.

मग ते झालं. खर्च कमी करायचा म्हणून, ज्यांना एकही रेघ येत नाही अशा यंत्रांची यादी निघाली. काका त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. किल्लीच्या यंत्राला एकही रेघ नव्हती. ते बंद झालं, पुसलं गेलं, कुणाला त्याचं सुतकही नाही. आठवड्याभराने एका दवाखान्याला जुने रिपोर्ट लागले आणि बॅकअप उघडेना. सहा दिवस उघडेना. त्या सहा दिवसांत किती माणसं किती खुर्च्यांवर रिकाम्या हाताने बसून राहिली असतील, ते मी तेव्हाही मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना खोलीत बोलावलं. काका एका डोळ्याला हिरवी झापड लावून आले होते. साहेबांनी विचारलं, ही गोष्ट आकृतीत का नव्हती? काका म्हणाले, होती. मी स्वतः काढली होती ती रेघ. पडद्यावर आकृती होती, नीट, सुंदर, तिच्यात रेघ नव्हती. काका उठून पडद्याजवळ गेले, जिथे ती असायला हवी होती तिथे बोट लावून उभे राहिले. त्यांच्या बोटाची सावली पडद्यावर पडली होती. मग ते माझ्याकडे वळले. "तू पाहिली होतीस ना गं?" आणि मी म्हटलं, अगदी हळू, घरच्या आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात, "काका, तुम्ही ती काढणार म्हणाला होतात. बहुतेक राहून गेलं." खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. साहेबसुद्धा एकदम मऊ झाले, होतं असं, म्हणाले. बाहेर आल्यावर एकाने मला सांगितलं, किती समजूतदारपणे घेतलंस. मला बरं वाटलं होतं ते ऐकून. तेच आज सगळ्यात जास्त सलतं. मी दरडावून बोलले असते तर काका भांडले असते. मायेने बोलले, म्हणून त्यांनी ऐकलं.

मला खरंच आठवत नव्हतं. हे वाक्य आज सकाळपासून मी स्वतःला शंभरदा सांगितलं. शंभरदा सांगावं लागलं, यातच काय ते आलं. जुन्या प्रती तपासून बघता आल्या असत्या, पण त्या त्याच बॅकअपमध्ये होत्या जो उघडत नव्हता. आणि सहाव्या दिवशी कुठल्याशा जुन्या डिस्कवर किल्ली सापडून तो उघडला तेव्हा सगळ्यांचा जीव असा भांड्यात पडला की मागे वळून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं का? एकदा, जिना उतरताना, बघावं का एकदा असं मनात आलं होतं. मग घरी जायची बस आली. काकांनी महिन्याभरात नोकरी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, उलट सगळे नको नको म्हणत होते. ते म्हणाले, "न केलेलं केल्यासारखं वाटायला लागलं की माणसाने या कामात राहू नये." डॉक्टरांनी तपासून डोकं ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. डॉक्टर काय, धीर द्यायलाच बसलेला असतो, म्हणाले. चित्रात रेघ नाही ती नाही. जे आकृतीत नाही ते नाहीच. त्यांच्याच शिकवणीत मी त्यांना गाडलं आणि निरोपाच्या दिवशी केक कापताना ताटल्या नीट ओळीत लावल्या.

एक वाजता साहेब टेबलाशी आले. कुठवर आलंय, म्हणाले. मी म्हटलं, अडीच वर्षांपूर्वीपर्यंत. "अरे वा. सगळं व्यवस्थित?" त्या प्रती अजून पक्क्या केल्या नव्हत्या. एक बटण दाबायचं राहिलं होतं. तो एक आठवडा गाळून टाकला असता तर चौकोनाचा इतिहास थोडा फाटका दिसला असता, बस्स. जुन्या प्रती फाटक्याच असतात, कुणी विचारत नाही. माझा हात माउसवर होता आणि मला स्वतःची इतकी किळस आली की तो उचलून मांडीवर ठेवला. "एक दाखवायचंय," मी म्हटलं. साहेबांनी चष्मा वर सरकवून पट्टी वाचली, परत वाचली. "हं," म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, खुर्ची जवळ घेऊन, "हे बघ, आता काय उपयोग? ते मजेत असतील. म्हाताऱ्याला कशाला उकरून त्रास? आणि तुझीही चूक काय, मीच सांगितलं होतं ना नीट कर म्हणून." त्यांचाही आवाज अगदी मऊ होता. मी तो आवाज ओळखला. मी बटण दाबलं, ती पट्टी कागदावर छापून घेतली, पर्स उचलली आणि अर्ध्या दिवसाची रजा सांगून निघाले.

बसमध्ये दुपारची गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसून कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते, कडा जुळवून. कडा जुळवतेय हे लक्षात आल्यावर कागद पर्समध्ये कोंबला. काय बोलायचं ते ठरवलं: आधी तब्येत, मग इकडचं तिकडचं, मग हळूच. की आल्याआल्या? पाया पडल्यासारखं रडून मोकळं व्हावं, म्हणजे त्यांनाच माझी समजूत घालावी लागेल? हेही मनात आलं, नाही असं नाही. मला माफी हवी होती. ती मिळाली की घरी जाऊन जेवता येईल, इतकं सरळ आणि इतकं हावरट गणित माझ्या डोक्यात चाललं होतं. अडीच वर्षांत मी त्यांना दोन फोन केले होते. दुसऱ्या वेळी ते म्हणाले होते, "बोलतोय मी, पण कोण बोलतंय ते नाव कागदावर लिहून ठेवतो हं, थांब." मी ती गोष्ट ऑफिसात सांगितली होती. बघा, काकांचं किती वाढलंय, असं म्हणून.

तिसऱ्या मजल्यावर पोचून घंटी वाजवली तर आतून एकेक आवाज आला. कडी. मग दुसरी कडी. मग काकांचा, स्वतःशीच, "दोन्ही कड्या काढल्या." दार उघडलं. पांढरे झाले होते, बाकी तेच. "अरे! तू? ऑफिसला आग लागली की काय, मला शोधत आलीस?" हसले आणि मी आत पाऊल टाकायच्या आत दाराशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधलेली वही उघडून त्यात लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. 'दु. १.५०. दार उघडलं. कड्या दोन.' वरच्या नोंदीत 'गॅस बंद. पाहिला.' तिच्यापुढे काकूंच्या नावाचं आद्याक्षर, साक्षीला. त्याच्या वर 'नळ', 'इस्त्री', 'औषध, निळी गोळी, घेतली'. पानभर. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या. काकू आतून हात पुसत आल्या. "बस गं. हे असंच असतं आमचं, नवी नवरी मिरवावी तशी वही मिरवतात." बोलल्या हसून, पण दमलेल्या वाटल्या.

ठरवलेलं सगळं विसरले. कागद काढून काकांच्या हातात दिला. "काका, तुम्ही ती रेघ काढली होतीत. मी पुसली. सतरा दिवसांनी." त्यांनी चष्मा शोधला, लावला, खिडकीशी गेले. इतका वेळ वाचत राहिले की मला वाटलं डोळा बरोबर नाही, मी वाचून दाखवू का. "दिसायला नीट केलं," ते मोठ्याने म्हणाले. "दिसलंही असेल नीट." मग काकूंकडे वळून, "अगं, ऐकलंस का? मी काढली होती." काकूंनी खुर्चीची पाठ धरली. "ती? ती रेघ?" "तीच." मी म्हटलं, "काका, मला माफ करा," आणि ते वाक्य खोलीत कुणी न घेतलेल्या ताटासारखं पडून राहिलं. काका आत गेले. येताना एक जुनी वही घेऊन आले, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेली. आताची पाचवी होती, ही पहिली. पहिल्या पानावर एकच नोंद: 'रेघ काढली नव्हती. काढली असं वाटलं.' मी पेन उचललं आणि त्यावर काट मारायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. "खोडायचं नाही. एवढं तरी आता शिक गं बाई. जुनं पुसायचं नसतं, खाली दुरुस्ती लिहायची. तारीख घाल. नाव घाल." मी लिहिलं. 'दुरुस्ती. रेघ काढली होती. मी पुसली.' तारीख घातली, सही केली. त्यांनी वाचून मान हलवली आणि लाज वाटते सांगायला, माझ्या छातीवरचा दगड उतरला. झालं, असं वाटलं मला. सुटले.

त्यांनी पान उलटलं. "मग हा गॅस?" बोट नोंदीवर. 'गॅस उघडा राहिला. माझ्याकडून.' काकूंकडे बघून, "हाही मी बंद केला असेल?" काकू म्हणाल्या, "मला काय माहीत. तुम्हीच म्हणालात माझ्याकडून राहिला. मी कुठे म्हणाले?" "तू नाही म्हणाली नाहीस." "अहो, तेव्हा तुम्ही सगळंच स्वतःवर घ्यायचात," काकूंचा आवाज चिरकला, "घराला पाणी आलं नाही तरी तुम्हीच! मी कुठवर भांडू? ओट्याशी तर दिवसभर मीच असते. मी तरी कुठे वही ठेवली होती?" आणखी एक पान. 'छत्री हरवली. मी.' आणखी एक. 'बँकेत सही चुकली. मी.' प्रत्येक नोंदीवर ते थांबत होते, वर बघत होते, पुढे जात होते. मी, मी, मी. सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या नावावर, आणि त्यांतल्या किती त्याच्या, ते आता जगातली कुठलीच पट्टी उघडून दिसणार नव्हतं. भिंतीवर एका लहान मुलीचा फोटो होता, दोन शेंड्या, पाठीला दप्तर. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "नात ना ही? केवढी झाली." "सहाची," काकू म्हणाल्या. "लांब गेलीत ती सगळी. इथे मुलीची नोकरी आणि हिची शाळा, दोन्ही जमेना." फोटोकडे न बघता म्हणाल्या.

काकांचा हात एका पानावर येऊन थांबला. त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे सरकवली. अक्षर नेहमीचंच, ऑफिसातलं, सुटं आणि स्वच्छ. 'आजपासून नातीला शाळेतून आणायला जाणार नाही. कारण: माझा भरवसा नाही. मुलीला कळवलं.' खाली दोन ओळी कोऱ्या. "आणि ह्याच्याखाली काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. एखादा चौकोन कुठे बसवावा ते कळेना की ऑफिसात विचारायचे ना, तसं, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं. मी पेन हातात घेतलं. तारीख घातली. 'दुरुस्ती' लिहिलं. पुढचा शब्द येईना. मी फोटोकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, परत त्या दोन ओळींकडे पाहिलं. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत होता.

"लिही सावकाश," काका म्हणाले. "मला आता कुठे कुणाला आणायला जायचंय."